मॅनिकिनवर सीपीआर आणि डिफिब्रिलेटर शिकवताना: कोल्हापुरातल्या बॅचसाठी पायरी-पायरीने

कोल्हापुरात सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून, श्वास देऊन रक्त फिरतं ठेवणं) शिकवायला उभं राहिलं की अडचण नावापासूनच सुरू होते. इथे सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. ‘सीपीआरला न्या’ हे वाक्य इथल्या माणसाने लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळे ‘सीपीआर द्या’ असं कुणी ओरडलं तर चार जण रिक्षा थांबवायला धावणार. म्हणून वर्गातली आज्ञा पहिल्या पाच मिनिटांतच ठरवून टाकावी: ‘छाती दाबायला घ्या.’ मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर), प्रसंगात, परीक्षेत, सगळीकडे हेच शब्द. गोंधळाच्या क्षणी तोंडून तेच निघतं जे सरावात निघालेलं असतं.

हृदय फडफडत बंद पडलं आणि कुणी छाती दाबली नाही, तर डिफिब्रिलेटरचा विजेचा शॉक मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ची गाडी कितीही लवकर आली तरी मधली मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या माणसाचीच असतात. त्या माणसाच्या हातांना हे काम यावं लागतं, आणि हात स्लाइड बघून शिकत नाहीत. सिम्युलेशन, म्हणजे नकली प्रसंगातला सराव, लागतं ते एवढ्यासाठी.

हा लेख १२ जणांच्या अर्ध्या दिवसाच्या बॅचसाठी आहे: कारखान्यातले कामगार, तालमीतले वस्ताद, शाळेतले शिक्षक, देवस्थानाचे सुरक्षारक्षक. रुग्णालयातल्या सिस्टर आणि डॉक्टरांसाठीचा भाग पुढे वेगळा दिला आहे. दोन्हीकडे आमचा भर एकाच गोष्टीवर आहे: हात छातीवर नव्हते ते सेकंद मोजा. खोली, वेग, पॅडची जागा हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण नव्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कुणीतरी काहीतरी शोधत असताना, बघत असताना, विचार करत असताना उठलेल्या हातांमुळे. आणि नेमकी ही चूक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण त्या वेळी सगळे ‘काहीतरी करत’ असतात.

## गाठायचे आकडे

प्रौढ माणसासाठी: खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं, ३० दाबांमागे २ श्वास, कुठलाही खंड १० सेकंदांच्या आत, आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलणं. सर्वसामान्य नागरिकांच्या बॅचला श्वास शिकवायचे नसतील तर फक्त छाती दाबणं शिकवा. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेचा ‘कोल्स’ हा अभ्यासक्रम त्याच पायावर उभा आहे.

एकूण वेळेपैकी किती वेळ हात प्रत्यक्ष दाबत होते, याला कॉम्प्रेशन फ्रॅक्शन म्हणतात. किमान ६० टक्के हवं, ध्येय ८० टक्के. हा ८०चा आकडा शिक्षक सहज सांगून टाकतात, पण ३०:२ मध्ये त्याचा हिशेब करून बघा. ११०च्या वेगाने ३० दाबांना साडेसोळा सेकंदांच्या आसपास लागतात. दोन श्वासांचा खंड ४ सेकंदांत आवरला तर फ्रॅक्शन ८० होतं. खंड १० सेकंदांचा झाला तर ६२वर येतं, म्हणजे नियमात बसूनही आपण काठावर. हा हिशेब फळ्यावर मांडावा. ‘लवकर करा’ असं दहा वेळा सांगण्यापेक्षा तो पटकन पटतो.

## सामान

१२ जणांना चार मॅनिकिन पुरतात, तिघांत एक. सहा जणांत एकापेक्षा कमी मॅनिकिन असतील तर बॅचच लहान करा. रांगेत उभं राहून शिकता येत नाही.

- प्रौढ मॅनिकिन, फक्त धड असलेले चालतील, ४. त्यांपैकी किमान २ फीडबॅक देणारे हवेत: दिवे, क्लिक किंवा मोबाइलवर आलेख दाखवणारे.
- एईडी ट्रेनर २, प्रत्येकाला सरावाच्या पॅडचे २ जोड. (एईडी म्हणजे हृदयाची लय स्वतः तपासून बोलून सूचना देणारा डिफिब्रिलेटर; ट्रेनर म्हणजे त्याची शॉक न देणारी सरावाची नक्कल.) चिकटपणा गेलेले पॅड ठेवून देऊ नका. ते छातीवरून निसटतात, शिकणारा हाताने दाबून धरतो आणि ‘कुणी हात लावू नका’ हा धडा तिथेच मोडतो.
- प्रत्येकासाठी स्वतंत्र फेस शील्ड किंवा चेहऱ्याचा बदलता भाग, आणि डिस्पोजेबल फुफ्फुस पिशव्या.
- अँबू बॅग (हाताने पिळून श्वास द्यायची पिशवी) २.
- स्टॉपवॉच ४. मोबाइलमधलं चालतं, पण तो मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा.
- मेट्रोनोम (एकसारखा ठेका देणारं) ॲप, मिनिटाला ११०वर.
- जुने शर्ट, ब्लाउज, एक साडी, खोटं मंगळसूत्र, टॉवेल, रेझर, बोथट टोकाची कात्री, चिकटपट्टीचा तुकडा (औषधाच्या पॅचची नक्कल) आणि बाटलीचं झाकण (कातडीखालच्या पेसमेकरचा उंचवटा).

यादीतली शेवटची ओळ सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची आहे. नुसत्या उघड्या प्लॅस्टिकच्या छातीवर शिकलेला माणूस खऱ्या प्रसंगात ब्लाउज कापायचा की नाही या विचारात अर्धं मिनिट घालवतो. बाई पडली असेल तर पुरुषांचे हात थबकतात, हे वर्गात बोलून संपत नाही. साडी नेसवलेल्या मॅनिकिनवर प्रत्येकाने एकदा कात्री चालवली की संपतं. पदर बाजूला, ब्लाउज मधोमध कापायचा, मंगळसूत्र खांद्याकडे सरकवायचं, पॅड लावायचे, मग वरून पदर पांघरायला हरकत नाही.

श्वास घेणारे, डोळे मिटणारे, नाडी लागणारे महागडे मॅनिकिन नागरिकांच्या बॅचला लागत नाहीत. ते टीमच्या सरावासाठी: कोण औषध भरतो, कोण वेळ सांगतो, कोण निर्णय घेतो. व्हीआर (आभासी दृश्य दाखवणाऱ्या) चष्म्याचंही तसंच. प्रसंग ओळखणं, मदत मागणं, एईडी कुठे आहे ते आठवणं यांसाठी तो चांगला. पण हवेत हात हलवून ५ सेंटिमीटरला लागणारा जोर कळत नाही. आधी मॅनिकिन, पैसे उरले तर चष्मा.

## बॅचच्या आदल्या दिवशी

प्रत्येक मॅनिकिन कडक फरशीवर ठेवून स्वतः दोन मिनिटं दाबा. स्प्रिंग बसलेली असेल तर अर्ध्या जोरात ‘क्लिक’ येतो आणि शिकणाऱ्याला खोटा आत्मविश्वास मिळतो. काही मॉडेलमध्ये मऊ, मध्यम, कडक अशा स्प्रिंग बदलता येतात. प्रौढांच्या बॅचला किमान मध्यम लावा. मऊ स्प्रिंगवर सगळे पास होतात, आणि तिथेच घोटाळा आहे.

मान मागे केल्याशिवाय हवा जाते का, हेही बघा. जात असेल तर आतली पिशवी चुकीची बसली आहे आणि मॅनिकिन वायुमार्ग शिकवणारच नाही. ब्लूटूथवाल्या मॅनिकिनना १ ते ४ आकडे चिकटवा आणि त्याच आकड्यांच्या मोबाइलशी जोडून ठेवा, नाहीतर एकाचा आलेख दुसऱ्याच्या नावावर येतो.

जाजम किंवा सतरंजी फरशीवर सरकत असेल तर खाली रबरी मॅट घाला. गादीवर सराव घ्यायचा तो मुद्दाम, आणि रुग्णालयाच्या बॅचलाच: गादी दबते, सेन्सर मात्र मॅनिकिनची छाती किती दबली तेवढंच मोजतो. पाठीखाली कडक बोर्ड आणि बोर्डाशिवाय, दोन्ही करून दाखवा. बोर्ड सरकवताना किती सेकंद हात थांबले तेही मोजा.

## चार तासांची मांडणी

प्रात्यक्षिक २० मिनिटं, छाती दाबणं आणि श्वास ७०, एईडी ४५, प्रसंग आणि चर्चा ९०, परीक्षा १५.

प्रात्यक्षिक चार वेळा, चार पद्धतींनी. आधी शिक्षक खऱ्या वेगात, एक शब्द न बोलता करतो. मग सावकाश, कारणं सांगत. तिसऱ्यांदा शिक्षक करतो पण पायऱ्या शिकणारे सांगतात. ते जे सांगतील तेच करायचं, चुकले तर चुकीचंच. चौथ्यांदा शिकणारा करतो आणि स्वतःच पायऱ्या बोलतो. वेळ कमी पडला की लोक तिसरी पायरी गाळतात. गाळू नका, कुणाच्या डोक्यात काय राहिलंय ते तिथेच उघड होतं.

ओळखणं. खांदे हलवा, मोठ्याने हाक मारा, १० सेकंदांच्या आत छातीकडे बघा. इथला सापळा म्हणजे आचके. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस तोंड उघडून अधूनमधून घरघरत आचके देऊ शकतो, आणि भोवतालचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे की!’ मॅनिकिनला आचके येत नसतील तर शिक्षकाने मोबाइलवर आवाज वाजवावा किंवा स्वतः काढून दाखवावा. सुरुवातीला थोडी थरथरही दिसू शकते, ती फिट वाटते. बेशुद्ध आहे आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरेसं. छाती दाबायला घ्यायची. नागरिकांना नाडी शोधायला लावू नका.

दाबणं. तिघांच्या गटात एक दाबतो, एक स्टॉपवॉच धरून हात उठल्याचे सेकंद मोजतो, एक बाजूने कोपर आणि तळहात बघतो. दोन मिनिटांनी जागा बदलायची. पहिली फेरी स्क्रीन बघून, दुसरी स्क्रीन झाकून, तिसरी पुन्हा बघून. सगळा वेळ स्क्रीन समोर असेल तर माणूस आलेखाचा खेळ खेळायला शिकतो. झाकलेली फेरी त्याला स्वतःच्या खांद्यांचं ऐकायला लावते.

काय चुकतं आणि का:

- *कोपर वाकतात.* मग जोर दंडांतून येतो आणि ४० सेकंदांत संपतो. गुडघे मॅनिकिनला चिकटवा, खांदे हातांच्या बरोबर वर आणा, कमरेतून झुला. तालमीतली मुलं जोराच्या भरवशावर दंडांनीच दाबतात. त्यांना हे सगळ्यात जास्त सांगावं लागतं.
- *वेग १२०च्या वर जातो.* घाबरलेला माणूस घाई करतो. घाईत खोली घटते आणि छाती वर यायला वेळ राहत नाही.
- *छातीवर रेलून राहणं.* दमलेला माणूस तळहातावर भार ठेवतो. छाती पूर्ण उघडली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही, मग पुढच्या दाबाला बाहेर ढकलायला काही उरत नाही. तळहात चिकटलेला राहू दे, भार मात्र पूर्ण उचला.
- *हात खाली घसरतात.* छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, मधोमध. टोकावर आले तर दाब पोटाकडे जातो. घामाने हात सरकतात, म्हणून बदलणाऱ्याने जागा पुन्हा तपासावी.
- *दमलो हे कळतच नाही.* दाबणाऱ्याला वाटतं की जमतंय, आलेख मात्र एक-दीड मिनिटात उतरायला लागलेला असतो. दोन मिनिटांच्या बदलीचा नियम म्हणूनच आहे. ‘मी अजून करू शकतो’ याला काही किंमत नाही.

मोजण्याबद्दल एक मराठी बारकावा. एक ते दहा शब्द आखूड आहेत. ‘एकोणीस’, ‘एकवीस’, ‘एकोणतीस’ लांब आहेत. मोठ्याने मोजत दाबणाऱ्याचा ठेका दहानंतर ढिला पडतो किंवा तो शब्द गिळायला लागतो. त्यापेक्षा एक ते दहा तीन वेळा मोजा आणि प्रत्येक दहाला फेरी सांगा: ‘नऊ, एक दहा… नऊ, दोन दहा… नऊ, तीन दहा, श्वास.’ आणि कुणी हलगीच्या ठेक्यावर दाबूया म्हणालं तर नम्रपणे नकार द्या: कुस्ती रंगत जाते तशी हलगी चढत जाते, आणि आपल्याला न चढणारा ठेका हवा आहे.

श्वास. एक सेकंदाचा श्वास, छाती उठताना दिसली की थांबायचं. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते. अँबू बॅग पूर्ण पिळू नये. पहिला श्वास गेला नाही तर डोकं पुन्हा नीट करून दुसरा द्या. दोनानंतर गेला असो वा नसो, पुन्हा छातीवर.

## एईडी

ट्रेनरवर शॉक लागत नाही, त्यामुळे माणसं निर्धास्तपणे चुकतात, आणि ते चांगलंच आहे. पण यंत्रं बहुधा इंग्रजी किंवा हिंदीत बोलतात आणि गोंधळात शिकणारा सूचनेचा अर्थ लावत बसतो. आधी सहा सूचना ऐकवून त्यांचे मराठी प्रतिसाद ठरवा: पॅड लावा, तपासतंय, हात काढा, शॉक द्या, शॉक नको, छाती दाबा.

1. आधी चालू करा. झाकण उघडलं की सुरू होतं की बटण दाबावं लागतं, हे दोन्ही प्रकारांवर करून घ्या.
2. एक जण दाबत राहतो, दुसरा कपडे कापतो. दाबणाऱ्याच्या हातांच्या *भोवतीने* काम करायचं.
3. छाती पुसा. केस दाट असतील आणि पॅड चिकटत नसेल तरच रेझर, तोही फक्त पॅडच्या जागेपुरता.
4. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली, बरगड्यांच्या बाजूला. दुसरा पॅड नेहमी फार पुढे, स्तनाग्राजवळ लावला जातो. मग प्रवाह हृदयाला वळसा घालून जातो. हात बाजूला उचलून, खरंच काखेखाली लावा.
5. औषधाचा पॅच असेल तर काढून जागा पुसा. पेसमेकरचा उंचवटा असेल तर पॅड त्याच्यावर नको, थोडा बाजूला.
6. वायर जोडा. तपासणी सुरू झाल्याचं यंत्र सांगेल तेव्हाच हात काढा, त्याआधी नाही.
7. ‘सगळे बाजूला!’ म्हणा आणि डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवा. नुसतं ओरडणं म्हणजे बघणं नव्हे.
8. शॉक, आणि लगेच हात छातीवर. नाडी बघायची नाही, ‘उठला का’ हे बघायचं नाही. दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा तपासेल.

आठव्या पायरीत सगळ्यात जास्त सेकंद जातात. शॉक बसला की लोक श्वास रोखून बघत बसतात. शॉकने विद्युत गडबड थांबली तरी हृदय लगेच जोराने पंप करत नाही, ते काम अजून आपल्याच हातांचं असतं. प्रत्येक गटात शॉकचं बटण दाबल्यापासून पहिल्या दाबापर्यंतचे सेकंद फळ्यावर लिहा. पहिल्या फेरीत ८-१० दिसले तरी दचकू नका; तिसऱ्या फेरीत २-३वर आले पाहिजेत.

‘शॉक नको’ ही सूचना दोन प्रकारे चुकीची समजली जाते: माणूस बरा झाला, किंवा माणूस गेला. दोन्ही वेळा हात थांबतात. म्हणून निम्म्या सरावात ट्रेनर मुद्दाम ‘शॉक नको’वर लावा.

८ वर्षांखालच्या मुलाला मुलांचे पॅड किंवा यंत्रातली मुलांची कळ. दोन्ही नसतील तर मोठे पॅड चालतात, छोट्या छातीवर ते एकमेकांना भिडत असतील तर एक पुढे, एक पाठीवर. तान्ह्या बाळाचं तंत्र वेगळं आहे, छाती एक तृतीयांश म्हणजे साधारण ४ सेंटिमीटर दाबायची. त्यासाठी बाळाच्या मॅनिकिनवर स्वतंत्र सत्र ठेवा, प्रौढांच्या बॅचमध्ये कोंबू नका.

## रुग्णालयाच्या बॅचसाठी मॅन्युअल डिफिब्रिलेटर

इथे यंत्र निर्णय घेत नाही, माणूस घेतो. शक्यतो वॉर्डात असलेलंच मॉडेल वापरा. दुसऱ्या मॉडेलवर शिकलेली सिस्टर प्रत्यक्षात ऊर्जेची कळ शोधत बसते.

सुरक्षेचं आधी. ईसीजी तयार करणारे छोटे सिम्युलेटर सगळेच शॉक सोसत नाहीत. उपकरणावर डिफिब्रिलेशन चालत असल्याचं लिहिलेलं नसेल तर त्यावर फक्त लय दाखवा, शॉक देऊ नका. शॉक सोसणाऱ्या मॅनिकिनला त्याच्या ठरलेल्या धातूच्या टोकांवरच जोडा; इतरत्र दिलेल्या शॉकने कातडी जळते. ऑक्सिजन चालू ठेवून खरा शॉक कधीही नको, मास्क छातीपासून किमान एक मीटर दूर. जिवंत माणसावर ‘फक्त दाखवायला’ खऱ्या यंत्राचे पॅड लावायचे नाहीत. आणि ट्रेनर व खरं यंत्र एकाच कपाटात ठेवायचं नाही. ट्रेनरवर चारही बाजूंनी ‘फक्त सराव’ असं मोठ्या अक्षरांत चिकटवा. आणीबाणीत चुकून ट्रेनर उचलला गेला तर तो सगळं बोलेल आणि शॉक मात्र देणार नाही.

क्रम असा. मॉनिटर लावा, लय ओळखा: व्हीएफ (हृदयाची नुसती फडफड) आणि नाडी नसलेली व्हीटी (खालच्या कप्प्यांची अतिवेगवान लय) यांना शॉक, असिस्टोल (सपाट रेषा) आणि पीईए (पडद्यावर लय, पण नाडी नाही) यांना नाही. प्रौढांना बायफेजिक (प्रवाह दोन्ही दिशांनी सोडणाऱ्या) यंत्रावर उत्पादकाने सांगितलेली ऊर्जा, बहुतेक १२० ते २०० ज्यूल, माहीत नसेल तर जास्तीत जास्त. जुन्या मोनोफेजिकवर (एकाच दिशेने सोडणाऱ्यावर) ३६०. मुलांना पहिला शॉक किलोला २ ज्यूल, दुसरा ४. चार्ज होत असताना छाती दाबणं चालू. चार्ज पूर्ण, हात वर, नजर फिरवा, शॉक, हात खाली. हा सगळा खंड ५ सेकंदांत बसतो, पण पाठ केल्याशिवाय नाही. अपुऱ्या सरावाची टीम चार्ज होईपर्यंत हात बांधून उभी राहते.

सिम्युलेटरवर मुद्दाम पेरायच्या चुका:

सिंक बटण (शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवणारं) चालू ठेवून द्या. व्हीएफमध्ये यंत्राला आर लाट (ईसीजीतली ठोक्याची टोकदार लाट) सापडत नाही, त्यामुळे शॉकचं बटण दाबून धरलं तरी काहीच होत नाही. ‘मशीन बिघडलं’ म्हणत दुसरं आणायला पळणारी टीम हमखास दिसते. एक लीड (ईसीजीची वायर) सैल करा: सपाट रेषा आली की आधी लीड, गेन (पडद्यावर लाटा किती मोठ्या दिसतात ते) आणि दुसरी लीड तपासायची, मग असिस्टोल म्हणायचं. पीईए लावा: पडद्यावर सुंदर लय, नाडी मात्र नाही, आणि पडदा बघून सुखावलेली टीम. पॅडल (पॅडऐवजी हाताने छातीवर दाबून धरायचे) वापरत असाल तर जेल कमी द्या किंवा दोन पॅडलच्या मध्ये फासलेलं ठेवा: कमी जेलने कातडी भाजते, मध्ये फासलेल्या जेलमधून प्रवाह छातीच्या वरूनच निघून जातो. ईसीजीचं किंवा सोनोग्राफीचं जेल नको, डिफिब्रिलेटरचंच.

औषधं नकली भरा पण वेळ खरा पाळा: ॲड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी, शॉक न चालणाऱ्या लयीत लवकरात लवकर; तिसऱ्या शॉकनंतर ॲमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम, पुढे एकदा १५०. वेळ लिहिणाऱ्याला दुसरं काम देऊ नका.

## प्रसंग

चौघांचा गट, पाच मिनिटांचा प्रसंग, दहा मिनिटांची चर्चा, मग तोच प्रसंग पुन्हा. दुसऱ्यांदा करणं हाच गाभा आहे. तीन नवे प्रसंग करण्यापेक्षा एक प्रसंग दोनदा करा. बाकीचे आठ जण निरीक्षक, हातात स्टॉपवॉच.

तालमीतला प्रसंग. मॅनिकिन मऊ मातीत किंवा जाड गादीवर, अंगावर ओली लाल माती, तेलकट. ०:०० पैलवान कोसळतो, आचके. नट क्रमांक एक ओरडतो, ‘आरं फिट आलीया त्याला, कांदा आणा कांदा!’ नट दोन तोंडावर पाणी मारतो. ०:२० पर्यंत कुणी छाती दाबायला घेतली का? खणलेली माती खाली दबते, म्हणून दोघांनी पटकन ओढून कट्ट्याच्या फरशीवर घ्यायचं; ओढायला १० सेकंदांवर लागले तर लिहा. १:३० एईडी ट्रेनर येतो. पाण्याने आणि मातीने पॅड चिकटत नाही. टॉवेल कुठे आहे? २:३० पहिला शॉक. लगेच नट तीन: ‘गाडी काढ रं, दवाखान्यात घेऊन जाऊया!’ गट दाबणं थांबवतो की १०८ला फोन झालाय हे सांगून दाबत राहतो, यावर प्रसंग संपतो.

पंचगंगेच्या घाटावरचा. बुडालेल्या माणसात मुळात हवाच संपलेली असते, म्हणून इथे श्वास टाळायचे नाहीत. प्रशिक्षित माणसाने श्वासांपासून सुरुवात करायची. नट पोट दाबून पाणी काढायला पुढे सरसावतो. त्याला थांबवून दुसरं काम द्यायचं, ‘तुम्ही १०८ लावा आणि स्पीकरवर ठेवा.’ छाती पुसेपर्यंत पॅड नको, आणि पॅडच्या नादात श्वास नि दाब थांबायला नकोत.

शिरोलीच्या फाउंड्रीतला. विजेचा धक्का. पहिला गुण मेन स्विच बंद करण्याला. त्याआधी कुणी मॅनिकिनला हात लावला तर प्रसंग तिथेच थांबवा आणि सांगा, ‘आता दोन पेशंट झाले.’

अंबाबाईच्या नवरात्रातली रांग किंवा जोतिबाची चैत्र यात्रा यांचे प्रसंग गर्दी हटवण्याच्या सरावाला उत्तम. तिथे एका माणसाचं कामच ‘कडं करा, पाठ इकडे करा’ असं असतं.

## चर्चा

प्रसंगाच्या दुप्पट वेळ द्या. पहिलं वाक्य शिक्षकाचं नसावं: ‘कसं वाटलं?’ एवढंच, आणि दोन मिनिटं सगळ्यांना बोलू द्या. मग आकडे: हात किती सेकंद उठले, कधी, कशासाठी. त्यानंतर एकाच खंडावर थांबा. ‘१:४० ते १:५८ हात वर होते. त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?’ उत्तर बहुतेक वेळा माहितीच्या अभावाचं नसतं. कात्री सापडत नव्हती, दोघांनाही वाटलं की दुसरा दाबेल, असं काहीतरी निघतं. दुरुस्तीही तशीच साधी: कात्री एईडीच्या पिशवीलाच बांधा, बदलीची हाक तीन दाब आधी द्या. एका चर्चेत दोनच दुरुस्त्या. सहा सांगितल्या तर एकही राहत नाही.

बॅचमध्ये साहेब आणि हाताखालची माणसं एकत्र असतील तर साहेबांची चूक सगळ्यांसमोर नावानिशी काढू नका. ‘टीमचे हात उठले’ म्हणा. पण साहेबांना एकदा दाबणाऱ्याच्या जागी बसवाच, नुसती देखरेख करू देऊ नका.

## सफाई आणि जपणूक

दोन शिकणाऱ्यांच्या मध्ये चेहरा ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या. शील्ड वेगवेगळी असली तरी. बॅच संपल्यावर काढता येणारे चेहरे साबणाने धुऊन ५०० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात १० मिनिटं बुडवा: ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १० मिलिलिटर अधिक पाणी ९९० मिलिलिटर, रोज ताजं. स्वच्छ पाण्यातून काढून पूर्ण वाळवा. फुफ्फुस पिशव्या फेकून द्या. पावसाळ्यात ओलसर मॅनिकिन बंद पेटीत ठेवला की चार दिवसांत बुरशी येते. बॅटऱ्या काढून ठेवा. गळलेली बॅटरी ट्रेनरचा सर्किट बोर्ड खाते.

## तीन महिन्यांनी

शिकलेलं कौशल्य ३ ते ६ महिन्यांत ढासळायला लागतं. वर्षातून एकदा पूर्ण दिवस घेण्यापेक्षा तीन महिन्यांनी १० मिनिटं जास्त उपयोगी. एक फीडबॅक मॅनिकिन आणि ट्रेनर कँटीनच्या कोपऱ्यात किंवा तालमीच्या कट्ट्यावर आणून ठेवा. प्रत्येकाने दोन मिनिटं दाबायचं, एकदा पॅड लावून शॉक द्यायचा, आणि वहीत चार आकडे लिहायचे: सरासरी खोली, वेग, फ्रॅक्शन, शॉकपासून पहिल्या दाबापर्यंतचे सेकंद. फक्त छाती दाबण्याच्या फेरीत फ्रॅक्शन ८०च्या खाली किंवा शेवटचा आकडा ५च्या वर गेला, तर त्याच जागी आणखी दोन फेऱ्या, पहिली स्क्रीन बघून, दुसरी झाकून. वही मॅनिकिनच्या पेटीतच दोरीने बांधून ठेवा, पेनासकट.